दोन्ही डोळे सारखे

मंगळवेढ्यात कुणाच्याही घरी जा, भिंतीवरच्या फोटोतल्या माणसाचे दोन्ही डोळे अगदी सारखे दिसतील. सासूचे, सुनेचे, सोसायटीच्या चेअरमनचे, गेल्या साली वारलेल्या आजोबांचेसुद्धा. देवाने माणूस घडवताना डावीउजवीकडे थोडं कमीजास्त केलेलं असतं. एखादी भुवई जरा वर, ओठाचा एखादा कोपरा जरा खाली. मंगळवेढेकरांच्या बाबतीत देवाची ही हयगय मुरलीधर काळोखेने दुरुस्त करून दिली होती. आडनाव काळोखे आणि धंदा उजेडाचा, असं लोक त्याला चिडवत. पण लग्नाचे फोटो काढायचे म्हटलं की पंढरपूर रस्त्यावरच्या त्याच्याच स्टुडिओची पायरी चढत.

या दुरुस्तीची सुरुवात सतरा वर्षांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीच्या एका वाक्याने झाली होती. आक्का सांगोल्याहून एका साखरपुड्याला आली होती. जेवणं झाल्यावर तिने मुरलीधरच्या दहा वर्षांच्या ईश्वरीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "मुरल्या, पोरीचा डावा डोळा जरा बारीक वाटतोय का रं? उद्या उजवायची हाय तिला." एवढं बोलून आक्का पानाचा विडा लावत दुसऱ्या विषयाकडे वळली. बोलणारा बोलून मोकळा होतो. मुरलीधरला त्या क्षणापर्यंत पोरीच्या डोळ्यात काही दिसलं नव्हतं, आणि त्या क्षणानंतर दुसरं काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ईश्वरीचा गॅदरिंगमधला फोटो संगणकावर उघडला. उजवा डोळा उचलला, आरशासारखा उलटा केला आणि डाव्याच्या जागी बेमालूम बसवला. ओठाचे कोपरे एका रेषेत आणले. पोरगी कशी गोड दिसायला लागली. मग त्याने या सगळ्या पायऱ्या संगणकाला शिकवून ठेवल्या. स्टुडिओवाले त्याला 'ॲक्शन' म्हणतात. एकदा ती तयार झाली की एका फोटोला लावा नाहीतर हजाराला, काम तेवढंच. त्याच आठवड्यात एका हायस्कूलचे अकराशे ओळखपत्राचे फोटो आले होते. सगळे कापून लहान करायचे, मागची भिंत पांढरी करायची आणि एका साच्यात बसवायचे. मुरलीधरने त्या बॅचला ईश्वरीचीच ॲक्शन जोडून दिली आणि चहाला गेला. परत आला तेव्हा अकराशे पोरं देखणी झाली होती. आईबापांनी फोटो बघून तोंडभर कौतुक केलं. त्या दिवसापासून स्टुडिओतून बाहेर पडणारा एकही चेहरा त्या ॲक्शनशिवाय बाहेर पडला नाही.

त्याची आणखी एक खोड होती. बॅच लावताना 'बदल मूळ फाईलवरच साठवा' या चौकोनात तो कायम खूण करून ठेवायचा. त्याच्या वडिलांनी चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह ट्रंकांमध्ये भरून जपल्या होत्या आणि त्या ट्रंका इकडच्या तिकडे करताना तरुणपणीच मुरलीधरची कंबर धरली होती. साठवणीचा त्याला तिटकारा होता. गिऱ्हाइकाला चांगला फोटो मिळाला, मग वाईट कशाला सांभाळायचा? दर शनिवारी तो आठवड्याभराचे सगळे फोटो एका फोल्डरमध्ये ओतायचा आणि त्यावर बॅच चालवायचा. लग्नं, बारशी, ओळखपत्रं आणि घरचे वाढदिवससुद्धा. ईश्वरीचे बाळपणापासूनचे जुने फोटोही त्याने हौसेने स्कॅन करून त्याच ॲक्शनमधून काढले होते आणि मूळ प्रती, निगेटिव्ह टाकून दिल्या होत्या.

आता ईश्वरी सत्तावीस वर्षांची होती आणि बोराळ्याच्या शाळेत शिकवत होती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचा उजवा हात फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत जाईना. आधी वाटलं खांदा धरला असेल. वैजयंताने, म्हणजे तिच्या आईने, महिनाभर तेल चोळलं. मग वेणी घालताना हात मध्येच खाली यायला लागला. मग एक दिवस मुलांना शिट्टी वाजवून दाखवताना तिच्या ओठांतून नुसती हवा गेली, आणि मुलं हसली तशी तीही हसली, पण घरी येऊन आरशापुढे पुन्हा पुन्हा फुंकून बघत राहिली. तेव्हा मुरलीधर तिला सोलापूरला डॉक्टर फरीदा बागवान यांच्याकडे घेऊन गेला. स्नायूंच्या आजारात त्यांचं नाव होतं.

डॉक्टरांनी आठ दिवस तपासण्या केल्या आणि मग तिघांना समोर बसवून, शाळेतल्या बाईंनी समजावावं तसं समजावून सांगितलं. ईश्वरीचं एक जनुक बिघडलेलं होतं. त्या बिघाडाचे दोन प्रकार असतात. मंद प्रकारात लहानपणापासून स्नायू तिळातिळाने झिजत राहतात. माणसाला कळतही नाही. वेगवान प्रकारात पंचविशीपर्यंत सगळं ठणठणीत असतं आणि मग एकदम उतरण लागते. आज तपासलं तर दोन्ही रोगी सारखेच दिसतात, रक्तही सारखंच बोलतं. फरक असतो तो फक्त मागच्या वर्षांमध्ये.

उपचार दोन्हींवर होता, एकाच इंजेक्शनचा. पण मंद प्रकाराचं इंजेक्शन बिघडलेल्या जनुकाचं तोंड बंद करतं आणि वेगवान प्रकाराचं इंजेक्शन शेजारी नवं जनुक नेऊन बसवतं. अदलाबदल झाली तर हृदयाचा स्नायू सुजतो. शिवाय दोन्ही औषधं पेशीपर्यंत वाहून नेणारा, निरुपद्रवी केलेला विषाणू एकच. शरीराची त्याच्याशी एकदा गाठ पडली की ते त्याला ओळखून ठेवतं आणि दुसऱ्यांदा दारातच अडवतं. त्यामुळे हे इंजेक्शन जन्मात एकदाच देता येतं. चुकलं तर दुसरी संधी नाही.

"मग पयलं काय झालं हुतं, ते कळायचं कसं?" वैजयंताने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या की त्यासाठीच 'मागोवा' आहे. हा आजार सगळ्यात आधी पापण्यांमध्ये आणि ओठांच्या कोपऱ्यांमध्ये उतरतो, पण वर्षाला केसाच्या जाडीइतका, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. 'मागोवा' हे यंत्र माणसाचे जुने फोटो ओळीने लावतं, प्रत्येक चेहऱ्यावरचे साठ बिंदू मोजतं आणि झीज कोणत्या वर्षी सुरू झाली ते सांगतं. फोटो जितके जास्त तितकं उत्तर पक्कं. लोकांकडे फोटो असतात पण विखुरलेले, अंधूक, तारखांचा पत्ता नसलेले, अशी त्यांची तक्रार होती.

मुरलीधरची छाती तेवढ्या दुःखातही फुगली. त्याच्याकडे पोरीचे चौदा हजार फोटो होते, सगळे तारीखवार. चांगल्या कॅमेऱ्याने काढलेले, स्वच्छ उजेडातले. त्याने दुसऱ्याच दिवशी ते नेऊन दिले. देताना त्याला ॲक्शनची आठवण झाली नाही. रोज दाराला कडी लावणाऱ्याला आपण कडी लावली हे आठवत नाही, तसंच ते होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. लहानपणापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत चेहरा तसूभरही ढळलेला नाही, आणि इस्पितळात काढलेल्या ताज्या फोटोत मात्र डावी पापणी खाली आहे. प्रकार वेगवान. खात्री शंभरात अठ्ठ्याण्णव. डॉक्टर बागवान म्हणाल्या की इतकं स्वच्छ उत्तर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी इंजेक्शन ठरलं.

'तसूभरही ढळलेला नाही' हे शब्द ऐकले आणि मुरलीधरला ॲक्शन आठवली. चेहरा ढळला नव्हता, कारण तो ढळू दिला नव्हता. दर शनिवारी.

दोन दिवस तो स्टुडिओत पोरीचे फोटो एकेक करून उघडत बसला. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून त्याने वैजयंताला सगळं सांगितलं. पोरीचा डोळा दहाव्या वर्षीच बारीक होता, म्हणजे रोग तेव्हापासूनचा, म्हणजे मंद, म्हणजे मंगळवारी पोरीला चुकीचं औषध जाणार. कसला बारीक डोळा, असं वैजयंताने विचारलं. तिने नऊ महिने वाहिलेली आणि दहा वर्षं न्हाऊमाखू घातलेली पोर. तिचा डोळा बारीक असता तर तिला दिसला नसता? तिने कपाटातून अल्बम काढून त्याच्यापुढे आपटला. प्रत्येक पानावर दोन्ही डोळे सारखे होते.

"ह्ये मीच केल्यात गं," मुरलीधर म्हणाला.

"मशीन सांगतंय, डॉक्टर सांगत्यात, आन् तुमी मधीच काय काढलंय? हात दाखवून अवलक्षण करू नगा."

पण हे पोटात ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. सोमवारी तो ईश्वरीला घेऊन सोलापूरला गेला आणि डॉक्टरांसमोर, तिच्या देखत, आक्काच्या वाक्यापासून शनिवारच्या बॅचपर्यंत सगळं बोलून गेला. बोलताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. शेजारी बसलेली ईश्वरी आपला डावा हात हळूच डाव्या डोळ्यापाशी नेते आहे, हे त्याला न बघताही कळलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं. यंत्र फसलं कसं, तेही त्यांनीच सांगितलं. 'मागोवा' खाडाखोड ओळखतं, पण एका फोटोची दुसऱ्याशी तुलना करून. शंभर खऱ्यांत एक खोटा असला तर तो उघडा पडतो. इथे चौदा हजार फोटो एकाच साच्यातून निघालेले होते. बिचाऱ्या यंत्राला वाटलं, चेहराच असा आहे.

मग त्यांनी विचारलं, डोळा नेमका किती खाली होता?

मुरलीधरने अंगठा आणि तर्जनी वर केली, अंतर दाखवण्यासाठी. बोटं तशीच राहिली. त्याने डोळे मिटून दहा वर्षांची ईश्वरी आठवून पाहिली. परकर-पोलक्यातली, दोन वेण्यांची, हसणारी पोरगी समोर आली, आणि तिचे दोन्ही डोळे सारखे होते. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच आली. सतरा वर्षं दुरुस्त केलेले फोटो बघून बघून त्याच्या मनातली पोरसुद्धा दुरुस्त झाली होती. ॲक्शनकडूनही कळणार नव्हतं, कारण ती किती फरक आहे हे मोजत नव्हती, सरळ उजवा डोळा उचलून डावीकडे बसवत होती.

"थोडा असंल," तो म्हणाला.

"थोडा सगळ्यांचाच असतो, काळोखे. तुमचाही आहे, माझाही आहे. तुम्ही त्या अकराशे मुलांचेही डोळे सारखे केलेत, ते काही आजारी नव्हते."

पुढचे दहा दिवस मुरलीधरने गाव पालथं घातलं. न सुधारलेले बारा फोटो मिळाले तरी यंत्र काहीतरी सांगेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. शाळा-कॉलेजांकडे होते ते त्याचेच; आधार कार्डावरचा इतका धूसर की यंत्राने तो घेतलाच नाही. नातेवाइकांकडच्या लग्नाच्या अल्बममधले त्याचेच. मैत्रिणींच्या फोनमध्ये शेकडो सापडले, पण त्या वर्षांतले फोन फोटो काढता काढताच चेहरा गुळगुळीत करायचे, न सांगता. यंत्राने ते सगळे बाजूला सारले. आक्काकडे गेला तर आक्काला ते वाक्य बोलल्याचंच आठवत नव्हतं. मी कशाला आपल्या पोरीला नावं ठेवू, असं म्हणून ती रडायला लागली. शेवटी एका आतेभावाच्या जुन्या फोनमध्ये एक खराखुरा फोटो मिळाला. तेरा वर्षांची ईश्वरी उसाच्या फडापुढे उभी, जीभ बाहेर काढून, दोन्ही डोळे गच्च मिटलेले.

रिकाम्या हाताने तो परत आला तेव्हा डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, आंधळेपणाने कुठलंतरी इंजेक्शन घ्यायचं. दुसरी, मागचं मोजता येत नाही तर पुढचं मोजायचं. बारा आठवडे, दर रविवारी, एकाच उजेडात, काहीही न सुधारता फोटो काढायचा. आजार मंद असेल तर बारा आठवड्यांत चेहरा हलणार नाही आणि थांबल्याने काही बिघडणार नाही. वेगवान असेल तर हलेल. पण मग ते आठवडे वाया गेलेले असतील, आणि त्या काळात जो स्नायू गेला तो कुठलंही औषध परत आणू शकत नाही.

"तुमचं मत काय?" ईश्वरीने डॉक्टरांना विचारलं.

दहाव्या वर्षी बापाच्या नजरेत भरेल इतका डोळा खाली असेल, तर मंद प्रकाराचीच शक्यता जास्त, असं त्यांना वाटत होतं. पण तो नजरेत भरेल इतका होता की नाही, हे फक्त बापालाच माहीत.

ईश्वरी मुरलीधरकडे वळली. "अप्पा, तुम्ही माझ्यासाठी केली होती ना ती ॲक्शन? दुसऱ्या कुणासाठी नाही?"

"तुझ्यासाठीच."

"म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसलं होतं."

मुरलीधरला सांगायचं होतं की मला आक्काने दाखवलं, त्याआधी मला दिसलं नव्हतं. पण दिसलं तर होतंच; दिसल्याशिवाय कुणी पोटच्या पोरीचा डोळा बदलतो का? त्याने होकाराची मान हलवली.

"मग मी थांबते," ईश्वरी म्हणाली. "माझे अप्पा फोटोग्राफर आहेत. त्यांची नजर चुकायची नाही."

पहिल्या रविवारी त्याने तिला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवलं. फोटो काढून झाल्यावर त्याचं बोट सवयीने ॲक्शनच्या बटणाकडे गेलं आणि त्याने हात मागे घेतला. पडद्यावरचा चेहरा त्याला परका वाटला. कातडीवरचे ठिपके, वरच्या ओठावरची लव, डावी पापणी किंचित उतरलेली. एवढीच तर आहे, त्याने स्वतःला समजावलं, दहाव्या वर्षीही एवढीच असणार.

तिसऱ्या रविवारपर्यंत यंत्राला फरक सापडला नाही आणि घरात पुरणपोळी झाली. चौथ्या रविवारी डॉक्टरांनी कळवलं की एक बिंदू हलला आहे, पण एकावरून काही म्हणता येत नाही. पाचव्या आठवड्यात ईश्वरीचा कप हातातून सुटला. कप निसरडा होता, असं वैजयंता म्हणाली. सहाव्या आठवड्यात शाळेत जाणं बंद झालं. सातव्याला डॉक्टरांनी विचारलं, आताच औषध द्यायचं का? हातपायांचा अशक्तपणा मंद प्रकारातही मध्येच वाढून पुन्हा ओसरू शकतो, त्यावरून निवाडा होत नाही; आणि चेहऱ्याचं मोजमाप अजून दोन्हीकडे झुकत होतं. आत्ता घेतलं तर पुन्हा आंधळाच डाव. ईश्वरी म्हणाली, आणखी थोडं थांबू. तिला स्टुलावर बसताना मुरलीधरने आधार दिला तर तो तिला नको असायचा, आणि न दिला तर बसता यायचं नाही. आठव्या रविवारी मान ताठ राहीना म्हणून वैजयंता मागे उभी राहून दोन्ही हातांनी डोकं धरत होती, आपली बोटं फोटोत येऊ नयेत अशा बेताने.

मुरलीधरने आयुष्यात लाखभर चेहरे सुधारले असतील. वेडेवाकडे दात, देवीचे व्रण, चष्म्यावरची तिरीप, रडून सुजलेल्या नवऱ्या. काहीतरी करता येतंच, हे त्याच्या धंद्याचं एकच तत्त्व होतं. आणि आता त्याचं काम एवढंच होतं की पोरीकडे बघायचं, बटण दाबायचं आणि काहीही करायचं नाही. त्याला कधी कधी वाटायचं की आपण आठवड्याला एक फोटो काढतो म्हणूनच ती आठवड्याला एवढी खाली जाते. हे वेडेपण आहे हे त्याला कळत होतं. तरी रविवार जवळ आला की तो कॅलेंडरकडे बघायचं टाळायचा.

नवव्या रविवारी यंत्राची गरजच पडली नाही. फोटो पडद्यावर आला आणि डावी पापणी अर्ध्या बुबुळापर्यंत उतरलेली दिसली. शेजारी पहिल्या रविवारचा फोटो लावला. दोन बहिणी वाटाव्यात, एक थोरली, एक धाकटी.

त्याच दिवशी तिला सोलापूरला दाखल केलं आणि संध्याकाळच्या आत इंजेक्शन दिलं गेलं. वेगवान प्रकाराचं. तेच, जे दहा आठवड्यांपूर्वीच्या त्या मंगळवारी द्यायचं ठरलं होतं.

औषध लागू पडलं. तिथून पुढे झीज थांबली. त्या बाबतीत विज्ञानाने दिलेला शब्द पाळला. पण उजवा हात खांद्याच्या वर कधी जाणार नव्हता, डावाही फारसा नाही, चालायला वॉकर लागणार होता आणि मान सांभाळायला पट्टा. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर बागवान खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. कागदावरचे आकडे समजावताना त्या म्हणाल्या की आता मागचंही स्पष्ट झालं आहे. आजार गेल्या वर्षभरातलाच. म्हणजे यंत्राचं पहिलं उत्तर, खोट्या फोटोंवरून काढलेलं का होईना, बरोबर होतं.

"आणि लहानपणचा डोळा?" मुरलीधरने विचारलं. हा प्रश्न विचारायचा नाही असं त्याने ठरवलं होतं.

"त्याला काहीच झालं नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "असतो तसा होता. चांगला होता."

डॉक्टर गेल्यावर वैजयंता पिशव्या भरायला लागली. ती मुरलीधरशी बोलत नव्हती; बोलायला लागली असती तर थांबली नसती. तो खाटेपाशी उभा होता. ईश्वरी छताकडे बघत होती. मग पट्ट्यातल्या मानेने जेवढं वळता येईल तेवढं ती त्याच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी तेव्हा बरी दिसत होते, अप्पा?"

"व्हय," मुरलीधर म्हणाला.

"कशी?"

तिला दाखवायला त्याच्याकडे एकही फोटो नव्हता.